‘मूळ’ संहिता कोणती? ॲबट यांच्या ख्रिस्तपुराणावरील लेखाविषयी

संशोधन-प्रस्तावात ‘मूळ संहिता’ हा शब्द आपण फार सहज लिहितो. त्यात किती गृहीतकं दडलेली असतात, हे पाहायला जस्टिन ॲबट यांचा १९२३चा लेख चांगला आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९मध्ये गोव्यात आले. त्यांचं सुमारे अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण १६१६मध्ये राशोलला रोमन लिपीत छापलं गेलं. त्या छापील पुस्तकाची एकही प्रत आज माहीत नाही. १९०७ची सल्डान्हा यांची मंगळूर आवृत्ती रोमन हस्तलिखितांवर आधारलेली आहे.

ॲबट अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे प्रॉटेस्टंट. तरी एका कॅथलिक जेझुइटाचा ग्रंथ त्यांनी आस्थेने वाचला. लंडनमधल्या मार्सडेन संग्रहात त्यांना याच पुराणाचा देवनागरी पाठ सापडला. रोमन पाठात जिथे पोर्तुगीज धार्मिक शब्द आहेत, तिथे यात बऱ्याचदा संस्कृत शब्द दिसतात. हाच मूळ पाठ, असं ॲबट यांनी लेखाच्या शीर्षकातच सांगून टाकलं.

शोध मोलाचाच आहे, पण निष्कर्ष घाईचा वाटतो. पोर्तुगीज शब्द नंतर घुसले असतील, हे शक्य आहे. तसंच नंतरच्या कुणी ते काढून संस्कृत शब्द घातले असतील, हेही शक्य आहे. भाषेची शुद्धता हा जुनेपणाचा पुरावा होत नाही.

मग ॲबट यांना तसं का वाटलं असेल? पुढे त्यांनी एकनाथ, तुकाराम यांची चरित्रं इंग्रजीत आणली. मराठी वळणाच्या ख्रिस्ती भक्तीची त्यांना ओढ होती आणि ती त्यांना स्टीफन्समध्ये सापडली, असं माझं वाचन आहे. ज्या आस्थेने पंथाची भिंत ओलांडली, तिनेच निष्कर्षालाही धक्का दिला.

हा वाद नुसत्या लिपीचा नाही. देवनागरी पाठ धरला तर धर्मसंकल्पनाही मराठीत आणू पाहणारे स्टीफन्स दिसतात. रोमन धरला तर ओवी मराठी, पण चर्चचे शब्द राखून ठेवणारे स्टीफन्स. तुमचा सगळा प्रबंध या एका निवडीवर फिरू शकतो.

आणखी एक सापळा सांगतो. शांताराम बंडेलू यांची १९५६ची आवृत्ती देवनागरीत आहे, पण ती सल्डान्हा यांच्या पाठाचं लिप्यंतर आहे. देवनागरी दिसली म्हणजे मार्सडेन पाठ नव्हे! सुकापूरला बसून लंडनचं हस्तलिखित हाताळता येत नाही, हे खरं. पण आपल्या हातातला पाठ कुठून आला, हे पहिल्याच तळटीपेत लिहिता येतं. तेवढं तरी कराच.