हरवलेले पेन आणि सात मित्र : ‘कम्युनिटी’ मालिकेतील एका भागाचा विचार

अमेरिकेतील एनबीसी वाहिनीवर ११ नोव्हेंबर २०१० रोजी ‘कम्युनिटी’ या विनोदी मालिकेच्या दुसऱ्या पर्वातील आठवा भाग प्रसारित झाला. ‘कोऑपरेटिव्ह कॅलिग्राफी’ हे त्याचे शीर्षक. मेगन गँझ यांनी लिहिलेल्या आणि जो रूसो यांनी दिग्दर्शित केलेल्या या भागाचे कथानक एका वाक्यात सांगता येते : अभ्यासगटातील एका मुलीचे पेन हरवते आणि ते सापडेपर्यंत कोणीही खोलीबाहेर जायचे नाही, असे ठरते. या क्षुल्लक बीजातून संशय, झडती, अवमान आणि अखेरीस समेट असा प्रवास घडतो. मैत्रीची कसोटी हा विनोदी मालिकांचा नेहमीचाच विषय. रुसवा, गैरसमज, क्षमायाचना आणि आलिंगन हा त्याचा ठरलेला क्रम. प्रस्तुत भाग या क्रमाचे शेवटपर्यंत पालन करीत नाही. येथे गैरसमज दूर होत नाही, अपराधी सापडत नाही आणि तरीही गट टिकतो. तो कशाच्या बळावर टिकतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी कथास्थळाचा थोडा परिचय आवश्यक आहे. ‘कम्युनिटी कॉलेज’ ही अमेरिकन शिक्षणव्यवस्थेतील एक विशिष्ट संस्था. १९०१ मध्ये इलिनॉय राज्यात स्थापन झालेल्या जोलिएट ज्युनिअर कॉलेजपासून तिचा आरंभ मानला जातो. १९४७ च्या ट्रुमन आयोगाने अशा महाविद्यालयांचे जाळे देशभर पसरावे, अशी शिफारस केली. प्रवेश सर्वांना खुला, शुल्क तुलनेने कमी, अभ्यासक्रम प्राधान्याने दोन वर्षांचा. त्यामुळे येथे अठरा वर्षांच्या मुलाशेजारी नोकरी करणारी आई किंवा निवृत्त गृहस्थ बसलेला आढळतो. (भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ मध्ये याच नावाची योजना आणली. तिचा भर कौशल्यशिक्षणावर असल्याने नावाच्या साम्यावरून अर्थाचे साम्य गृहीत धरू नये.) मालिकेतील ग्रीनडेल हे महाविद्यालय काल्पनिक असले, तरी निर्माते डॅन हार्मन यांनी कॅलिफोर्नियातील ग्लेनडेल कम्युनिटी कॉलेजमध्ये प्रत्यक्ष शिक्षण घेतले होते आणि तेथील एका अभ्यासगटाच्या अनुभवातून या मालिकेची कल्पना त्यांना सुचली.

ग्रीनडेलच्या अभ्यासगटातील सातही व्यक्ती कोठून तरी घसरून येथे आलेल्या आहेत. जेफ विंगर हा पदवी खोटी निघाल्याने वकिली गमावलेला गृहस्थ. अ‍ॅनी एडिसन ही औषधांच्या व्यसनामुळे शाळेतच कोसळलेली हुशार मुलगी. ट्रॉय बार्न्स हा दुखापतीमुळे शिष्यवृत्ती गेलेला खेळाडू, तर शर्ली बेनेट ही घटस्फोटानंतर व्यवसाय उभा करू पाहणारी श्रद्धाळू आई. त्यांच्यासोबत शिक्षण अर्धवट सोडलेली, आंदोलनाची भाषा बोलणारी ब्रिटा; चित्रपटांच्या परिभाषेतच जग समजून घेणारा एबेड; आणि पैसा भरपूर, पण माणसे नसलेला वृद्ध पिअर्स. यांना एकत्र बांधणारे घर नाही, गल्ली नाही, वर्ग नाही, धर्म तर नाहीच. एक अभ्यासिका आणि तिच्यातील एक मेज, एवढेच त्यांचे सामाईक क्षेत्र. म्हणून या मैत्रीला धक्का बसला, तर तिला सावरायला मागे दुसरे कोणतेच नाते उभे नाही. प्रस्तुत भागातील संकटाचे गांभीर्य येथून येते. पेन हे केवळ निमित्त.

तरीही पेनच का, असा प्रश्न विचारण्याजोगा आहे. १७ सप्टेंबर २००९ च्या पहिल्या भागात जेफ गटापुढे एक भाषण करतो. हातातील पेन्सिलीला तो माणसाचे नाव देतो आणि पुढच्याच क्षणी ती मोडतो. ऐकणाऱ्यांच्या मनात काहीतरी हलते. मनुष्य कशाशीही नाते जोडू शकतो, हे त्याचे प्रतिपादन. हे भाषण प्रामाणिक नसते. अभ्यासगट हीच मुळात ब्रिटाच्या निकट जाण्यासाठी त्याने रचलेली थाप असते. परंतु त्या थापेतून खरा गट जन्माला येतो. एका लेखनसाधनाच्या मोडण्यातून जुळलेली माणसे सव्वा वर्षाने दुसऱ्या लेखनसाधनाच्या हरवण्यातून विस्कटू लागतात. दोन भागांचे लेखक भिन्न असल्याने हा संबंध जाणीवपूर्वक योजलेला होता, असे ठामपणे म्हणता येणार नाही. तथापि, मालिकेच्या अंतर्गत तर्कात तो सुसंगत आहे. पेन्सिलीत जो जीव कल्पनेने घातला गेला, तोच आता भुताच्या रूपाने परत येतो. त्याचा विचार पुढे केला आहे.

भागाची रचना ‘बॉटल एपिसोड’ या प्रकारची आहे. अस्तित्वात असलेल्या एकाच नेपथ्यात, नेहमीच्याच पात्रांना घेऊन, बाहेरच्या चित्रीकरणाचा खर्च टाळून केलेला भाग म्हणजे बॉटल एपिसोड. दूरचित्रवाणीच्या अर्थकारणाने जन्माला घातलेला हा प्रकार असून नाट्यशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर ते सक्तीचे स्थलैक्य आहे. गंमत अशी, की एबेड हे पात्र स्वतःच हा प्रकार ओळखते आणि त्याविषयी तक्रार करते. चेहऱ्यावरील भाव आणि भावनांच्या सूक्ष्म छटा यांखेरीज अशा भागांत काही नसते, असे त्याचे म्हणणे. ही तक्रार हा भागाने स्वतःवर केलेला विनोद आहेच, शिवाय एबेडला इतरांचे चेहरे वाचता येत नाहीत, हे दुःखही त्यात आहे. जे त्याला जमत नाही, नेमके तेच या खोलीत सर्वांना करावे लागणार असते. मालिकेला पार्श्वभूमीवरील ध्वनिमुद्रित हास्याची जोड नाही. त्यामुळे कोठे हसावे हे प्रेक्षकाला कोणी सांगत नाही आणि संशयाच्या क्षणी खोलीतील शांतता तशीच ऐकू येते. बाहेर महाविद्यालयाच्या आवारात कुत्र्यांच्या पिल्लांची मिरवणूक निघणार असते. सर्वांना ती पाहायची असते. ती चुकते. निरागस आनंद भिंतीपलीकडून निघून जातो आणि आतले लोक एकमेकांकडे पाहत राहतात. या प्रतीकाला फारसे भाष्य लागत नाही.

झडतीचा क्रम मात्र बारकाईने पाहिला पाहिजे. प्रथम मेजाखाली व आजूबाजूला शोध, मग पिशव्या, मग शरीर. ‘तुमच्याजवळ नसेल, तर दाखवायला हरकत काय?’ हा युक्तिवाद प्रत्येक पायरीवर अध्याहृत आहे. पिशव्या तपासण्यास ब्रिटा तत्त्वतः विरोध करते आणि तिचा विरोध हाच तिच्याविरुद्धचा पुरावा ठरू लागतो. खासगीपणाचा हक्क मागणारा माणूस काहीतरी लपवीत असला पाहिजे, ही विचारसरणी ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या अमेरिकेत किती रुजली होती, हे सर्वज्ञात आहे. भाग त्यावर व्याख्यान देत नाही. तो फक्त मित्रांच्या खोलीत तीच यंत्रणा चालू करून दाखवितो. राज्यसंस्थेला जे करायला कायदा लागला, ते येथे केवळ ‘आपण मित्र आहोत ना’ या वाक्याच्या आधारे होते. अपंग खुर्चीत बसलेल्या पिअर्सच्या पायांवरील प्लास्टरसुद्धा संशयातून सुटत नाही. शेवटी सारे अंतर्वस्त्रांपर्यंत येतात, खोली उद्ध्वस्त होते आणि पेन सापडत नाही. वकील असलेला जेफ या शोधाचा सूत्रधार बनतो, हेही लक्षणीय आहे. त्याला पेनाशी देणेघेणे नाही. अ‍ॅनीने अडवल्याचा राग तो नियमांच्या काटेकोर अंमलबजावणीतून व्यक्त करतो. त्याची कठोरता ही न्यायबुद्धी नसून रुसवा आहे.

पिशव्यांतून पेनाऐवजी दुसरेच काही बाहेर येते. एबेडच्या वहीत गटातील स्त्रियांच्या मासिक पाळीच्या नोंदी सापडतात. कोणाला कोणत्या दिवशी दुखवू नये, हे कळावे म्हणून त्याने त्या ठेवलेल्या असतात. हेतू सहृदय, कृती असह्य. या प्रसंगी हसावे की अवघडून जावे, हे ठरविणे कठीण जाते आणि तेच या लेखनाचे सामर्थ्य. शर्लीच्या पिशवीत गर्भनिदान चाचणीचा संच सापडतो. श्रद्धाळू, घटस्फोटित, दोन मुलांच्या या आईने जे अजून स्वतःशीही नीट उच्चारलेले नाही, ते सहा जणांसमोर मेजावर येऊन पडते.

मराठी वाचकाला या ठिकाणी विजय तेंडुलकर यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकाची आठवण होणे अपरिहार्य आहे. प्रभावाचा प्रश्न येथे नाही. रचनेतील साम्य मात्र विलक्षण आहे. तेथेही एक हौशी मंडळींचा गट बंद सभागृहात सापडतो, वेळ घालविण्यासाठी अभिरूप न्यायालयाचा खेळ मांडतो आणि खेळातील आरोप लीला बेणारेच्या खऱ्या आयुष्यावर, तिच्या गर्भारपणावर येऊन थडकतो. दार बंद, निमित्त क्षुल्लक, उघडकीस येते ते स्त्रीचे शरीर. फरक शेवटात आहे. बेणारेचे सहकारी तिला दोषी ठरवून एकत्र येतात. त्यांच्या सामाईकपणाला एका अपराध्याची गरज असते. ग्रीनडेलच्या गटापुढेही हाच मार्ग खुला असतो. कोणा एकावर, बहुधा आधीच नावडत्या पिअर्सवर किंवा हट्टी ब्रिटावर, आळ घेऊन उरलेल्या सहांना सुखाने घरी जाता आले असते. गट तसे करीत नाही.

तो काय करतो? पेन भुताने नेले, असे ठरवितो. ही कल्पना जेफ उचलून धरतो आणि तिला शब्दरूप देतो. आपल्यातील कोणीतरी मित्रांच्या डोळ्यांत पाहून इतका वेळ खोटे बोलत आहे यावर विश्वास ठेवण्यापेक्षा भुतावर विश्वास ठेवणे त्यांना सोपे वाटते. कोणीही बुद्धिमान माणूस हे मान्य करणार नाही, आणि हे सातही जण तसे पाहता ते मान्य करीत नाहीतच. ते फक्त मानण्याचे ठरवितात. ‘वाटणे’ आणि ‘मानणे’ या दोन मराठी क्रियापदांतील भेद येथे उपयोगी पडतो. विश्वास ही पुराव्यातून आपोआप निघणारी गोष्ट नसून पुरावा संपल्यावर, किंबहुना पुराव्याविरुद्ध, घ्यावयाचा निर्णय आहे, असे या प्रसंगाचे म्हणणे दिसते. या निर्णयाला किंमत आहे. सातांपैकी प्रत्येक जण खोलीतून बाहेर पडताना उरलेल्या सहांपैकी एक चोर असण्याची शक्यता सोबत घेऊन निघतो आणि तरीही त्यांच्याबरोबर चालतो. याला आत्मवंचना म्हणता येईल. तशी ती आहेच. परंतु तेंडुलकरांच्या मंडळींनी ‘सत्य’ शोधून जे केले, त्याशेजारी ठेवल्यास ही आत्मवंचना अधिक माणुसकीची ठरते.

दुर्दैवाने भाग येथे थांबत नाही. शेवटी प्रेक्षकाला भिंतीतील वायुमार्गात नेले जाते आणि पेन एका माकडाजवळ दिसते. हे माकड ट्रॉयने पहिल्या पर्वातील एका भागात पाळलेले. विनोदी मालिकेच्या दृष्टीने ही कलाटणी चपखल आहे. मागील सूत्र पुढे आणून कोडे सुटल्याचे समाधान ती देते. तथापि, विचाराच्या दृष्टीने तिने भागाचे नुकसान केले आहे, असे म्हणावे लागेल. सातही जण निर्दोष होते हे कळताच प्रेक्षकाला सुटकेचा निःश्वास टाकता येतो. गटाने धोका पत्करून ठेवलेला विश्वास आता योग्य अंदाज ठरतो. पेन खरोखर त्यांच्यापैकी एकाने घेतले असते, आणि प्रेक्षकाला कोणी घेतले हे ठाऊक असूनही गट भुताची कथा धरून बाहेर पडला असता, तर मैत्रीविषयीचे हे विधान अधिक अवघड व अधिक खरे झाले असते. पात्रांना हे सत्य समजलेले नाही, त्यामुळे त्यांच्या निर्णयाचे मोल कमी होत नाही, असा बचाव करता येईल. तो अंशतः मान्य करावा लागतो. पण विनोदाचा परिणाम शेवटी पात्रांवर नव्हे, तर प्रेक्षकावर घडत असतो. पात्रांनी जो भार उचलला, तो प्रेक्षकाच्या खांद्यावरून मात्र अलगद उतरविण्यात आला.

मालिकेने नंतर हा धागा पुन्हा हाती घेतला. २१ एप्रिल २०११ च्या ‘पॅराडाइम्स ऑफ ह्यूमन मेमरी’ या भागात माकडाने जमविलेल्या वस्तूंचा साठा गटालाही सापडतो. एव्हाना भुताची गरज संपलेली असते आणि त्या वस्तूंवरून निघालेल्या आठवणींतून गट पुन्हा नव्याने भांडू लागतो.

एक गोष्ट मात्र ना भुताने सुटते, ना माकडाने. पेनाचा हिशेब लागला, पण झडतीत जे बाहेर पडले, ते परत पिशवीत जात नाही. समेटाच्या प्रसंगात सर्वांच्या तोंडी पेन आहे, शर्लीच्या चाचणीचा विषय तेवढा मागे पडतो. तिचे गर्भारपण पुढे त्याच पर्वात कथानकाचा भाग होते. पण ते तिने कोणाला, केव्हा आणि कोणत्या शब्दांत सांगायचे, हे ठरविण्याची संधी तिच्या मित्रांनी या खोलीत तिच्याकडून घेतलेली असते, आणि तिच्याकडे त्याबद्दल कोणी क्षमा मागत नाही. बेणारेला निदान शेवटी दीर्घ स्वगत मिळाले होते.