हॉकीच्या मानसिक प्रशिक्षणात योगाचे उपयोजन : एक चिकित्सा

योगाभ्यासाने हॉकीपटूची चिंता घटते, असे प्रतिपादन क्रीडाविषयक लेखनात वारंवार आढळते. परंतु ही घट बहुधा शांत खोलीत, प्रश्नावलीद्वारे मोजली जाते. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगास प्रयोगशाळेच्या कसोटीवर घासले. ती चिकित्सक वृत्ती अशा लेखनात क्वचितच दिसते. पेनल्टी कॉर्नरपूर्वी ४० सेकंद मिळतात, तेवढ्यात दीर्घ श्वसन साधते. शूटआउटच्या ८ सेकंदांत ते अशक्य. तेथे आधीच अंगवळणी पडलेली धारणाच उपयोगी. म्हणून श्वसनाचा सराव धावून दमल्यावर, टर्फवरच व्हावयास हवा. काळाचौकीच्या मुलांना मात्र टर्फसाठी चर्चगेट गाठावे लागते. घरच्या सतरंजीवरील आसनांची शिफारस सोयीची वाटते, ती यामुळेही.