पुनर्निर्मितीची घाई आणि मुळाची माती

एखादी कलाकृती लोकांसमोर आल्यानंतर किती काळाने ती पुन्हा घडवावी, या प्रश्नाचे उत्तर व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात बहुधा तंत्रज्ञान देते. १९९६ चा ‘रेसिडेंट ईव्हिल’ २००२ मध्ये नव्याने घडवला गेला, तर १९९७ च्या ‘फायनल फँटसी सेव्हन’च्या पुनर्निर्मितीचा पहिला भाग येण्यास २०२० साल उजाडले; मधल्या काळात चित्रणाची क्षमता इतकी वाढली होती की, दोन्ही पुनर्निर्मितींना स्वतःचे सबळ कारण होते.

चित्रपटाला असे कारण सहजी मिळत नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केला, तर प्रभात कंपनीने १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत स्वतःच घडवला. म्हणजे एका उदाहरणात चार वर्षांचे अंतर होते, दुसऱ्यात जवळजवळ नव्हतेच, पण दोन्हीकडे मूळ कर्त्याचा हात कायम होता.

‘सैराट’च्या बाबतीत हा धागा तुटला. अहिल्यानगर, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर येथील न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापनाचे शिक्षण घेतलेल्या नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. वर्ष भरण्यापूर्वीच त्याचा कन्नड अवतार ‘मनसु मल्लिगे’ आला आणि २० जुलै २०१८ रोजी हिंदी ‘धडक’. मंजुळे यांची कथा नगर-सोलापूरच्या मातीत रुजलेली असते. ‘फँड्री’ची कथा अकोळनेर या नगरजवळच्या गावात घडते, तर ‘सैराट’ करमाळा परिसरात. तेथील विहिरी, उसाचे फड आणि पाटलाच्या घराचा दरारा ही केवळ पार्श्वभूमी नसून पाटलाची मुलगी व मासेमारी करणाऱ्या कुटुंबातील मुलगा यांच्यातील जातीय अंतर त्यांतूनच दिसते. ‘धडक’ने कथा उदयपूरला नेली, नायकाच्या वडिलांना उपाहारगृहाचे मालक केले आणि जातीचा उल्लेख ओझरता ठेवला. मूळ चित्रपटाच्या अखेरीस सारा आवाज थांबतो आणि रडत बाहेर पडणाऱ्या लहानग्याची रक्ताने माखलेली पावले तेवढी उमटत जातात. ‘धडक’ने शेवट बदलून धक्का राखला, परंतु त्यामागील समाज पातळ झाल्याने त्या धक्क्याचा अर्थ उणावला.

म्हणून दोष अंतर कमी असण्याचा नाही, तर नव्याने सांगण्यासारखे काही हाती नसताना केलेल्या घाईचा आहे. भाषेची अडचण उपशीर्षकांनी, म्हणजे पडद्याच्या तळाशी दिलेल्या अनुवादाने, दूर होते. कोणतीही पुनर्निर्मिती होण्यापूर्वी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवातील प्रेक्षकांनी ‘सैराट’ पाहिला होता, आणि तो मराठीतच होता.