आप्त कोण? हिलरी मँटेल यांचं आत्मकथन आणि न ऐकलेलं दुखणं

मंडळी, मार्च हा एंडोमेट्रिओसिसच्या जागृतीचा महिना म्हणून जगभर पाळला जातो. पिवळ्या फिती, पिवळे दिवे वगैरे. आयोजकांचा फोन आला तेव्हा आम्ही म्हटलं, अहो, आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर, तेही निवृत्त. या विषयावर स्त्रीरोगतज्ज्ञांनी बोलावं. ते म्हणाले, डॉक्टर पुढच्या आठवड्यात आहेतच, तुम्ही पुस्तकावर बोला. म्हणून आज पुस्तकावर बोलू. पण बोलता बोलता न्यायदर्शनात शिरलो तर समजून घ्या. सवय जात नाही.

पुस्तक आहे हिलरी मँटेल यांचं ‘गिव्हिंग अप द घोस्ट’, २००३ साली आलेलं. बाईंना बुकर पुरस्कार दोनदा मिळाला, २००९ आणि २०१२ साली, म्हणून नाव आपल्या कानांवर असतं. २०२२ मध्ये त्या गेल्या. हे आत्मकथन मात्र त्या कादंबऱ्यांच्या गर्दीत मागं पडतं. सुरुवात होते जिन्यावर दिसलेल्या सावत्र वडिलांच्या भुतापासून, आणि बाई स्वतःच सांगतात की अर्धशिशीत डोळ्यांपुढं असलं काहीबाही तरळतं. पुस्तकाचा मोठा भाग इंग्लंडच्या उत्तरेकडच्या कष्टकरी वस्तीतल्या बालपणाचा. आजार उशिरा येतो. घाईच्या वाचकाला वाटेल, हे आजाराचं पुस्तक कुठलं? थोडा धीर धरावा.

आता आजार काय ते थोडक्यात. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाच्या बाहेर वाढते. बीजाशयांवर, ओटीपोटाच्या आतल्या आवरणावर, कधी आतड्यावर, मूत्राशयावर. तिथं दाह होतो, व्रण होतात, अवयव एकमेकांना चिकटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननवयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना, म्हणजे जगात जवळपास १९ कोटी जणींना हा आजार आहे. मुळापासून बरं करणारं औषध नाही. त्रास आटोक्यात ठेवता येतो. आणि निदानाला बहुधा वर्षं लागतात. महिने नव्हे, वर्षं.

ही वर्षं जातात कुठं? मँटेल यांचं पुस्तक हे सांगतं, आणि आमच्या मते असं दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाही. विशीच्या उंबरठ्यावरची, कायद्याचं शिक्षण घेणारी मुलगी पाय दुखतात, पोट दुखतं म्हणून डॉक्टरकडे जाते. डॉक्टर तिच्या मनाकडे बोट दाखवतात. आधी नैराश्यावरच्या गोळ्या. त्यांनी बरं वाटत नाही, म्हणजे मनाचा आजार अधिक खोल असणार, म्हणून मनोविकारतज्ज्ञ. मुलगी महत्त्वाकांक्षी आहे, हाही त्यांना लक्षणाचाच भाग वाटतो. ती कथा लिहिते हे कळल्यावर लिहू नकोस असं बजावलं जातं. मग आणखी तीव्र औषधं, आणि त्यांनी अंगात अशी तगमग सुरू होते की एका जागी बसता येत नाही. बघणाऱ्याला आता ती खरोखरच वेडी दिसते. औषधानं रोग निर्माण केला आणि तोच रोग निदानाचा पुरावा झाला! कार्ल पॉपर म्हणत, जे विधान कशानंही खोटं ठरू शकत नाही ते विज्ञान नव्हे. ‘मला मनाचा आजार नाही’ असं रुग्ण म्हणाली तर तेही लक्षण; मग राहिलं काय?

पुढं ती नवऱ्याबरोबर बोट्स्वानाला जाते, फ्रेंच राज्यक्रांतीवरची कादंबरी लिहीत बसते, आणि तिथं वैद्यकाचं एक पाठ्यपुस्तक चाळताना स्वतःचा आजार तिला छापील सापडतो. १९७९ साली लंडनमध्ये शस्त्रक्रिया. वय २७. गर्भाशय गेलं, बीजाशयं गेली, मूत्राशयाचा आणि आतड्याचा काही भाग गेला. आणि एवढं होऊन आजार परतला तो परतलाच. पुढच्या औषधांनी शरीर ओळखू येईनासं झालं.

इथं आम्हांला आपले नैयायिक आठवतात. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही त्यांची चार प्रमाणं. शब्द म्हणजे आप्ताचं वचन. आप्त कोण? आपण मराठीत नातेवाइकांना आप्त म्हणतो, तो अर्थ इथं नाही. ज्याला त्या गोष्टीचं साक्षात ज्ञान आहे आणि ते जसंच्या तसं सांगण्याची इच्छा आहे, तो आप्त. वात्स्यायनांनी भाष्यात पुढं असंही म्हटलंय की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ, तिघांनाही सारखंच लागू. म्हणजे आप्तपण जातीनं किंवा पदवीनं येत नाही, जाणण्यानं येतं. मग पोटात काय होतंय याची आप्त कोण? ती मुलगी! आजाराचं नाव काय, उपाय काय, यात डॉक्टर आप्त. पण दुखतंय, आणि इतकं दुखतंय, यात तिचाच शब्द प्रमाण.

‘सोनोग्राफी नॉर्मल आहे’ हे वाक्य घ्या. दिसलं नाही म्हणून नाही, हा युक्तिवाद आपल्याकडे अनुपलब्धीच्या चर्चेत शेकडो वर्षं घासूनपुसून झालाय. जे असतं तर दिसलंच असतं, त्याच्याच न दिसण्यानं अभाव सिद्ध होतो. उजेड असताना टेबलावर घागर दिसली नाही तर घागर नाही. अंधारात दिसली नाही तर काहीच सिद्ध होत नाही. या आजारातले वरवरचे बारीक डाग साध्या सोनोग्राफीत बहुधा दिसत नाहीत; कित्येकदा दुर्बीण पोटात घालून पाहावं लागतं. म्हणजे तो रिपोर्ट म्हणजे अंधारातली घागर.

हे सगळं आम्हांला पाठ होतं, वर्गात शिकवत होतो. एम.ए.च्या वर्गात एक मुलगी दर महिन्याला तीन-चार दिवस गैरहजर असायची. उपस्थिती कमी भरली, ती आमच्याकडे आली. “सर, पोटात फार दुखतं.” आम्ही कागद मागितला. तिनं रिपोर्ट दाखवला. आम्ही म्हणालो, “बाळ, यात तर सगळं नॉर्मल लिहिलंय.” ती “ठीक आहे सर” म्हणून गेली. त्या वर्षी ती परीक्षेला बसली नाही. घरी जेवताना आम्ही पत्नीला म्हणालो, हल्लीच्या मुलींना जरा सोसवत नाही. त्या काही बोलल्या नाहीत. त्या महिन्यात, गंमत म्हणा किंवा काही म्हणा, आम्ही वर्गात शिकवत होतो की दुसऱ्याच्या वेदनेचं ज्ञान आपल्याला कसं होतं. मुलीला नेमका कोणता आजार होता ते आम्ही विचारलंच नाही.

पुस्तकावर आमची एक तक्रार आहे. मँटेल फार सुरेख लिहितात. राग इतका धारदार, इतका विनोदी होऊन येतो की आपण वाक्याला दाद देऊन पुढं सरकतो आणि डॉक्टर सुटतो. शिवाय तिची सुटका होते ती ग्रंथालयात. वाचता येणारी, पाठ्यपुस्तकाशी झटापट करणारी बाई स्वतःचं निदान करू शकते. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईनं कुठलं पाठ्यपुस्तक उघडायचं? पुस्तक हा प्रश्न विचारत नाही. पण न झालेल्या मुलीबद्दल, जिला बाईंनी मनातल्या मनात कॅट्रिओना असं नावही दिलं होतं, ती पानं वाचताना आमची तक्रार थोडी खाली बसते. सुरुवातीचं भूत तेव्हा उलगडतं: जगायचं राहून गेलेली आयुष्यं, तीही घरात वावरतात.

आणि म्हणून जागृतीच्या मोहिमांविषयी आमची शंका. त्या धरून चालतात की माहिती कमी आहे, फलक लावले की काम झालं. माहिती हवीच. पण तुमच्या-आमच्या घरात काय चालतं ते बघा. मराठीत दुखण्याला कळ आहे, ठणका आहे, चमक, सणक, मुरडा आहे. दाढ दुखली तर आपण नेमका शब्द वापरतो. पाळीच्या बाबतीत मात्र ‘अडचण’, ‘बाहेरची’, ‘कावळा शिवला’. हे शब्द बाईला कुठं बसायचं ते सांगतात, कुठं दुखतंय ते नाही. मुलगी बोललीच तर आई म्हणते, “सगळ्यांनाच होतं गं.” आईही खोटं बोलत नाही, तिलाही कदाचित तेवढंच दुखत होतं आणि तिलाही कुणी तेच सांगितलं होतं. मग आजी म्हणते, लग्न झालं, एक मूल झालं की थांबेल. गरोदरपण हा या आजारावरचा इलाज नव्हे, आणि या आजारात मूल राहणंच कित्येकींना अवघड जातं. हा सल्ला किती सासरी जाऊन उलटला असेल, कल्पना करा.

वेळ संपत आली, चिठ्ठी आलीय. पुस्तक इंग्रजीत आहे, फार जाड नाही. प्रश्न घेऊ. वैद्यकीय प्रश्न असतील ते पुढच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंना विचारा, आम्हांला नको. मागं कुणीतरी हात वर केलाय. माइक तिकडे द्या.