परदेशात शेजारी राहत नाहीत

मराठीत परदेशाविषयी जेवढी पुस्तकं आहेत, तेवढी मराठी माणसं तरी परदेशी गेली असतील का, अशी मला बरेच दिवस शंका होती. मी बँकेतला कारकून, त्यातून बी. कॉम.; शंका आली की बेरीज करून बघायची, एवढंच आम्हांला शिकवलेलं. तेव्हा परळच्या आमच्या वाचनालयातलं प्रवासवर्णनांचं कपाट मी वरच्या फळीपासून सुरू करून खालच्या, वाळवीच्या ताब्यातल्या फळीपर्यंत वाचून काढलं. बेरीज अशी आली. नायगारा : भरपूर. आयफेल टॉवर : त्याहून भरपूर. ट्यूलिपची फुलं : मोजण्यापलीकडे. शेजारी : निरंक.

शेजारी म्हणजे ‘शेजारच्या बंगल्यातल्या आजीबाईंनी हसून हात हलवला’ असा नव्हे. तसे पुष्कळ आहेत. या पुस्तकांतल्या आजीबाईंचं काम हात हलवण्यापुरतंच असतं. शेजारी म्हणजे ज्याचा टीव्ही आपल्याला ऐकू येतो आणि आपला कुकर ज्याला ऐकू येतो, तो. असा माणूस चारशे रुपये किमतीच्या, आर्ट पेपरवर सोळा रंगीत फोटो असलेल्या ग्रंथातही सापडत नाही.

त्याऐवजी सापडते ती शांतता. ती बहुधा तिसऱ्या प्रकरणात असते. पहिल्यात व्हिसा, दुसऱ्यात विमानातलं जेवण, तिसऱ्यात शांतता. ‘टाचणी पडली तरी आवाज यावा’ हे वाक्य मला इतक्या पुस्तकांत भेटलं की ते विमानात चढतानाच वाटत असावेत. प्रत्यक्षात एकाही लेखकानं टाचणी टाकून पाहिल्याची नोंद नाही. पुढे नवव्या प्रकरणात हीच शांतता ‘खायला उठते’. मुलगा-सून कामावर गेलेली, नातू शाळेत, आणि लेखक खिडकीतून रस्त्याकडे बघतोय; रस्त्यावर माणूस नाही. तिसऱ्या प्रकरणात जमेला धरलेली रक्कम नवव्यात खर्ची पडली, आणि दोहोंचा ताळमेळ मात्र कुणी घातलेला नाही. आमच्या खात्यात असं झालं असतं तर घरी जाऊ दिलं नसतं.

कारण अगदी साधं आहे. आमचा लेखक तिथं पाहुणा असतो. पाहुणा उपनगरातल्या सुट्या घरात उतरतो, पहिले पंधरा दिवस संध्याकाळी सातलाच पेंगतो आणि पहाटे तीनला उठून चहा करतो. शनिवारी रात्री शहराच्या पोटात काय चालतं, हे त्याला कसं कळणार? भाडं तो भरत नाही, घरमालकाशी बोलत नाही, आणि पोलीस आलेच तर दार मुलगा उघडतो.

सुरुवातीपासून हे असंच होतं म्हणावं, तर तसं नाही. पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेला गेल्या आणि तीनेक वर्षं राहिल्या. १८८९ साली त्यांनी पुस्तक काढलं, त्याच्या नावात आधी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती’ आहे आणि मग ‘प्रवासवृत्त’. हा क्रम मला फार आवडतो. आधी लोक, मग प्रवास. पुढे पु. ल. देशपांड्यांनी १९५८ साली ‘बटाट्याची चाळ’ दिली, जिच्यात शेजाऱ्याशिवाय दुसरं काहीच नाही, आणि १९६० साली ‘अपूर्वाई’, जिच्यात माणसं भेटतात, हसवतात आणि पुढच्या स्टेशनला मागे राहतात. त्यात पुलंचा दोष नाही. प्रवास म्हणजे तेच. पण त्यांच्यामागून जे निघाले त्यांनी ‘अपूर्वाई’ तेवढी सामानात घेतली, चाळ घरीच ठेवली.

आता माझ्या भाच्याचं उदाहरण घ्या. हा आमच्याच चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, गणपतीच्या मंडपातल्या भोंग्याखाली वाढला. त्याच्या मुंजीत बँड होता आणि बारावीच्या अभ्यासाला शेजारचा भजनी ठेका. असा हा मुलगा आज बर्लिनला असतो आणि आवाजानं त्याची झोप उडाली आहे. घर चौथ्या मजल्यावर, खाली बार. पश्चिम बर्लिननं १९४९ सालीच बार बंद करायची सक्तीची वेळ काढून टाकली, आणि ती सवय त्या शहरानं आजवर जपली आहे. शुक्रवारी रात्री जे फुटपाथवर उभे राहतात ते शनिवारी उजाडताना घरी जातात. “मामा, लोक मोठ्यानं बोलत नाहीत हो,” तो फोनवर सांगत होता, “पण चाळीस जण हळू बोलतात ना, त्याचा फार आवाज होतो.” हे निरीक्षण मी चारशे रुपयांच्या पुस्तकात शोधत होतो.

गंमत पुढेच आहे. त्याच शहरात घराच्या आत रात्री दहा ते सकाळी सहा शांततेचा कायदा आहे आणि रविवार तर अख्खा विश्रांतीचा. रविवारी भिंतीला भोक पाडायचं नाही, गवत कापायचं यंत्र लावायचं नाही, रिकाम्या बाटल्या रस्त्यावरच्या काचेच्या डब्यात टाकायला जायचं नाही, कारण खळ्ळकन आवाज होतो. म्हणजे बाटली रात्रभर रिकामी करायला मोकळीक, टाकायला सोमवार. भाचा बारविरुद्ध तक्रार कशी करायची याची माहिती काढत होता, तेवढ्यात एके दिवशी त्याच्याच दारावर चिठ्ठी चिकटलेली आढळली. ‘प्रिय शेजारी’ अशी सुरुवात, ‘मैत्रीपूर्ण अभिवादन’ असा शेवट, आणि मध्ये विचारणा : रात्री सव्वादहाला आपल्या घरातून वाफेच्या इंजिनासारखी जी शिट्टी येते, ती कसली?

शिट्टी अर्थातच कुकरची होती. तुरीची डाळ तीन शिट्ट्यांशिवाय शिजत नाही, हे जर्मन भाषेत कसं सांगायचं यावर त्या दोघांचा सबंध शनिवार गेला. सूनबाईंचं म्हणणं, खाली बारमध्ये चाळीस माणसं पहाटेपर्यंत बोलतात ते चालतं आणि माझ्या तीन शिट्ट्या चालत नाहीत? मला ते बिनतोड वाटलं. पण चिठ्ठीवाल्याचंही चुकत नव्हतं; बार त्याच्या आधीपासून तिथं होता, शिट्टी नवीन होती.

इथं माझ्या मते खरं पुस्तक सुरू होतं, आणि नेमकं तेच कुणी लिहीत नाही. आवाजाच्या भांडणात डेसिबल दुय्यम असतात. मुख्य प्रश्न आधी कोण आलं हा. विलायतेत तर यावर आता लेखी तत्त्वच आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं २०१४ साली आणि इंग्लंडनं २०१८ साली आपल्या नियोजनाच्या नियमांत घातलं की, गाण्याबजावण्याची जुनी जागा असेल आणि तिच्या शेजारी कुणी नवी घरं बांधली, तर आवाज अडवण्याची सोय घरं बांधणाऱ्यानं करायची. नंतर येईल त्यानं बोळे आणावेत, कानात घालायला. आणि तेही पदरचे.

हे वाचलं तेव्हा मी परळमध्ये बसलो होतो, त्यामुळे जरा हसू आलं.

परळमध्ये आधी काय होतं? गिरण्या होत्या. आणि त्यांचे भोंगे. आमच्या वडिलांच्या पिढीला घड्याळ हा दागिना वाटे. वेळ भोंग्यावरून कळायची. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यानंतर भोंगे एकेक करून गप्प होत गेले. ही परळच्या इतिहासातली सर्वांत मोठी शांतता. तिच्याबद्दल ‘टाचणी पडली तरी’ असं कुणी लिहिलं नाही. नव्वदच्या दशकाअखेर फिनिक्स मिलच्या आवारात डिस्को आला, मग बाकीच्या आवारांतून पब आले. २७ जानेवारी २०२० पासून तर मॉल आणि गिरण्यांच्या आवारांतली दुकानं-उपाहारगृहं रात्रभर उघडी ठेवायला सरकारनं परवानगी दिली. मद्य मात्र दीडपर्यंतच. अट एकच : आवार कुंपणाच्या आत हवं आणि वस्ती ‘निवासी नसलेली’. कुंपणाच्या पलीकडच्या भिंतीला चाळीच्या बाळंतिणीची खोली लागून आहे, पण ती कुंपणाच्या बाहेर आहे.

आवाज जुनाच, फक्त मालक बदलला, असं कुणी म्हणेल. मी म्हणणार नाही. भोंगा वाजला की कुणाच्या तरी घरात पगार यायचा.

मात्र उमाळे काढून चाळीचे गोडवे गाणाऱ्या साहित्याविषयीही मला थोडं बोलायचं आहे, कारण त्याचाही ताळमेळ लागत नाही. चाळीत भांडण नळावर होतं, संध्याकाळी अळुवडीची ताटली जाऊन मिटतं, दारं उघडी, मनं उघडी, वगैरे. ही चाळ गिरगावातल्या आम्हां कारकुनांची. परळ-लालबागच्या चाळीत एकेका खोलीत दहा-बारा माणसं पाळीपाळीनं राहत. तिसरी पाळी करून माणूस सकाळी घरी यायचा, दुसरा उठून गेला की त्याच वळकटीवर आडवा व्हायचा, आणि नेमकी तेव्हाच चाळ जागी व्हायची : नळ, बंब, शाळेची पोरं, धुण्याचे धोके. त्या दिवसा झोपणाऱ्या माणसाला उघड्या दारांविषयी काय वाटत होतं, हे आमच्या विनोदी वाङ्मयानं त्याला कधी विचारलं नाही. ‘दार लावा हो कुणीतरी’ असंच वाटत असणार. जयंत पवारांनी १९९७ साली ‘अधांतर’ लिहिलं, तेव्हा ती खोली रंगमंचावर आली. पण ते नाटक हसवायला आलं नव्हतं.

आणि तक्रार? चाळीत ती करताच येत नाही. कायदा भक्कम आहे. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम सांगतात, रात्री दहा ते सहा ध्वनिक्षेपक बंद. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. रुग्णालयाभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र. के.ई.एम., वाडिया, टाटा अशी आमच्याकडे रुग्णालयांची माळच असल्यामुळे परळात बोलावं की खुणा कराव्यात, असा प्रश्न पडायला हवा होता. पण २०१७ साली नियमात दुरुस्ती झाली की, सरकारनं तसं जाहीर केल्याशिवाय कुठलाही भाग शांतता क्षेत्र ठरत नाही. तेव्हा बोलायला हरकत नाही.

पण कायदा वापरणार कोण? आमच्या तळमजल्यावरच्या आजींना हृदयाचा त्रास आहे. ढोलपथक आलं की त्या देव्हाऱ्यापाशी जाऊन बसतात आणि छातीवर हात ठेवतात. फोन करत नाहीत. कारण ढोल वाजवणारा नातू त्यांचाच, वर्गणी त्यांनी दिलेली, आणि रात्री दुखलं-खुपलं तर के.ई.एम.ला उचलून नेणारी पोरंही तीच. फोन येतो समोरच्या टॉवरमधून, दहा वाजून एक मिनिटानं, बाविसाव्या मजल्यावरून. कायद्यानं त्या माणसाचं बरोबर आहे. आजींचंही भलंच होतं. तरी चाळ त्याच्यावर दात-ओठ खाते, कारण तो नंतर आला. आणि तोच मनुष्य शनिवारी मिलच्या आवारातल्या पबात बसतो, तेव्हा चाळीतून फोन जात नाही. कुणाच्या नावानं करायचा हेच माहीत नसतं.

तक्रार करायला माणूस अनोळखी असावा लागतो, पण पत्ता ठाऊक असलेला. बर्लिनचा चिठ्ठीवाला तसा आहे. चाळीतला माणूस फार ओळखीचा, पबवाला फारच अनोळखी. दोन्हीकडून आमची पंचाईत. परदेशात दहा-दहा वर्षं काढलेली आपली मंडळी या दोन्ही बाजूंना राहून आलेली आहेत. न्यूयॉर्कमध्ये तर २००३ पासून ३११ नंबर फिरवून महापालिकेला शेजाऱ्याचं गाऱ्हाणं सांगायची सोय आहे, आणि आवाजाच्या तक्रारी तिथं पहिल्या पंगतीत असतात. त्यातल्या किती फोनवर मराठी हेल होता, आणि किती फोन मराठी घरातल्या खलबत्त्याविरुद्ध होते? एवढं ज्यांच्या पदरी आहे, ते पुस्तक लिहायला बसले की ट्यूलिप लिहितात. मला वाटतं, त्यांना लाज वाटते. इथल्या लोकांना शांतता सांगून ठेवलेली असते. आता आपल्याच दारावर चिठ्ठी लागते हे कसं सांगणार?

या पुस्तकांचं शेवटचं प्रकरणही ठरलेलं असतं. विमान मुंबईला उतरतं, टॅक्सीचे भोंगे कानावर पडतात आणि लेखकाचे डोळे भरून येतात : हा गोंगाट माझा आहे! या वाक्यावर माझा काडीचा विश्वास नाही. असे एक लेखक माझ्या शाखेत खातेदार आहेत. परतल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्यांनी वरच्या मजल्याच्या मिक्सरबद्दल सोसायटीला पत्र दिलं, आणि त्याची प्रत काढायला माझ्याकडेच आले.

भाच्याचं म्हणाल तर परवा त्याचा फोन आला. पाचव्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलंय, पुण्याचं. रात्री अकराला पाट्यावर काहीतरी वाटतात. “मामा, चिठ्ठी मराठीत कशी लिहायची?” मी म्हटलं, मायना काय घालणार? ‘प्रिय शेजारी’ मराठीत बरं दिसत नाही. ‘महोदय’ म्हटलं तर नोटीस वाटते. ‘सप्रेम नमस्कार, वि. वि.’ म्हटलं की पुढं लग्नाचं स्थळ यायला हवं. आम्ही दोघांनी मिळून अर्धा तास खटपट केली. मी कच्चा मसुदा पाठवला : ‘आपल्या रात्रौ ११ वाजताच्या ठोक्यांच्या संदर्भात विनंतीपूर्वक कळविण्यात येते की’. सूनबाईंनी तो वाचला, आणि पाट्यावर काय वाटतात ते आधी विचारून येते, म्हणून त्या वर गेल्या. तासाभरानं खाली आल्या त्या खोबऱ्या-लसणाची चटणी घेऊन. चिठ्ठी अजून टेबलावरच आहे, आणि ठोके चालू आहेत.