दिवसा काढलेली रात्र

छायाचित्र खोटे बोलत नाही, असा समज आपल्याकडील सुशिक्षितांतही अजून टिकून आहे. त्याच्या जोडीला दुसराही एक समज आहे. छायाचित्र छापताना त्यावर जे संस्कार होतात, म्हणजे काही भाग गडद करणे, काही उजळणे, रंग चढवणे वा उतरवणे, ते केवळ नटवण्यासाठी असतात, असा तो समज. कलावादी समीक्षक या दुसऱ्या गोष्टीला ‘भाववातावरणाची निर्मिती’ असे भारदस्त नाव देऊन मोकळे होतात. हा भाव कोणाचा आणि कोणाच्या डोळ्यांनी पाहिलेल्या भूमीचा, हा प्रश्न ते विचारत नाहीत. तो विचारण्यासाठी अमेरिकन कृष्णवर्णीय छायाचित्रकार दाऊद बे यांच्या ‘नाइट कमिंग टेंडर्ली, ब्लॅक’ या मालिकेइतके चांगले निमित्त मला दुसरे दिसत नाही. मालिका २०१७ सालची आहे. तिचे शीर्षक लँग्स्टन ह्यूज यांच्या एका कवितेच्या शेवटच्या शब्दांवरून घेतलेले आहे.

या चित्रांत माणूस नाही. ओहायो राज्यातील क्लीव्हलँड आणि हडसन या परिसरातील झाडी, लाकडी कुंपणे, पांढरी घरे, दलदल आणि शेवटी ईरी सरोवर, एवढाच ऐवज. पण एकोणिसाव्या शतकात दक्षिणेकडील गुलाम मालकाच्या तावडीतून निसटून उत्तरेकडे याच मुलखातून जात. त्यांना आसरा देणाऱ्या, एका घरातून दुसऱ्या घरात गुपचूप पोचवणाऱ्या माणसांच्या साखळीला ‘भूमिगत रेल्वे’ म्हणत. तिला ना रूळ होते ना गाडी. १८५० च्या कायद्याने पळालेल्या गुलामाला मुक्त राज्यातूनही पकडून परत नेणे अधिक सोपे झाले. त्यामुळे सरोवर ओलांडून कॅनडा गाठल्याखेरीज सुटका नव्हती. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. ज्या झटण्याला जोतीरावांनी पुण्यातून हात जोडले, ते झटणे ज्या वाटांवर घडले त्यांतल्याच काही वाटांची ही चित्रे आहेत.

आता तंत्राकडे वळू, कारण या मालिकेतला विचार तंत्रातच आहे. ही सर्व चित्रे भर दिवसा काढलेली आहेत. त्यांची रात्र झाली ती छापताना. हिंदी-इंग्रजी चित्रपटांत दिवसा चित्रण करून रात्र भासवण्याची युक्ती जुनी आहे, तेव्हा बे यांनी नवे काय केले, असे कोणी म्हणेल. फरक असा की, उजेड कमी घेऊन निगेटिव्हच उपाशी ठेवली, तर सावलीचे भाग कोरे राहतात; छापल्यावर तेथे नुसता काळा डाग येतो. बे यांनी दिवसाच्या उजेडात पानापानाचा तपशील आधी पकडला आणि मग तो काळोखात दाबला. त्यामुळे या अंधारात फांदी आहे, गवत आहे, कुंपणाची प्रत्येक फळी आहे. अंधार भरलेला आहे. छापलेली चित्रेही मोठी, जवळजवळ चार फूट बाय साडेचार फूट. समोर उभे राहिल्यावर प्रथम काही दिसत नाही. थांबावे लागते, डोळे सरावावे लागतात, मग हळूहळू वाट उमटते. पळणाऱ्या माणसाला त्या रानात जसे पाहावे लागले असेल, तसे पाहणे प्रेक्षकाच्या वाट्याला येते. भाव येथे वर्ख म्हणून लावलेला नाही. पाहणाऱ्याच्या शरीराकडून तो वसूल केला जातो.

गडद छापण्याची कला काही बे यांनी शोधली नाही. अमेरिकन निसर्गछायाचित्रणाचे कुलगुरू अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स म्हणत की, निगेटिव्ह ही संगीताची लिपी आणि छापील प्रत म्हणजे तिचे गायन-वादन. १९४१ साली न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र त्यांनी टिपला. सुरुवातीच्या प्रतींत आकाशात फिकट ढगांच्या रेघा दिसतात. पुढच्या काळात अ‍ॅडम्स ते आकाश अधिकाधिक गडद करत गेले, इतके की ते जवळजवळ काळेच झाले. खाली चर्च, घरे आणि स्मशानातले पांढरे क्रूस चमकू लागले. चित्र थोर आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या काळ्या आकाशाने केले काय? एका गरीब गावाला चिरंतनाच्या पदरात टाकून दिले. तेथील जिवंत माणसे काय खातात, जमीन कोणाची, हे प्रश्न त्या गांभीर्यापुढे क्षुद्र वाटू लागतात. योसेमिटीच्या त्यांच्या भव्य चित्रांतही खोरे असे दिसते की जणू तेथे कधी कोणी राहतच नव्हते. वस्तुतः १८५१ साली सशस्त्र तुकडी घालून तेथील मूळ रहिवाशांना हुसकले होते. अ‍ॅडम्स यांच्यावर अन्याय नको म्हणून हेही नोंदवतो की, युद्धकाळात अमेरिकन सरकारने जपानी वंशाच्या लोकांना ज्या मॅन्झनार छावणीत कोंडले, तेथे त्यांनी १९४३ साली छायाचित्रे काढली आणि पुढच्या वर्षी त्यांचे पुस्तक केले. माणूस संवेदनाशून्य नव्हता. दोष त्या परंपरेचा आहे, जिला रिकामी भूमीच पवित्र वाटते.

बे यांचे खरे पूर्वज दुसरे आहेत. हार्लेममधील रॉय डिकॅरावा यांनी आपल्या माणसांची चित्रे गडद करड्या-काळ्या छटांत छापली, १९५५ साली ह्यूज यांच्याबरोबर पुस्तकही केले. काळा रंग म्हणजे उजेडाचा अभाव नसून त्या रंगाला स्वतःचे पोत आहेत, हे त्यांनी दाखवले. बे तोच धडा माणसाच्या चेहऱ्यावरून भूमीवर नेतात. पळणाऱ्या गुलामाला रात्र भीतीची होतीच, पण आसऱ्याचीही होती. उजाडले की लपायचे. अंधार म्हणजे अज्ञान, अंधार म्हणजे पाप, हे समीकरण येथे उलटे होते. आपल्या कवितेत सूर्य, पहाट, मशाल यांची जी गर्दी झाली आहे, ती पाहता हा भाग आपल्या कवींनी जरा निवांत वाचावा.

शिवाय उजेड आपल्याही बाबतीत निष्पाप नव्हता. पेशवाईत दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊच्या आत महार-मांगांना पुण्याच्या वेशीच्या आत मज्जाव होता, कारण त्या वेळी सावल्या लांब पडतात आणि सावलीचा विटाळ दूरवर पोचतो, अशी नोंद घुर्ये यांनी दिली आहे. निसर्गछायाचित्रकारांना आज कोणता उजेड सर्वांत प्रिय आहे? हाच, सकाळ-संध्याकाळचा, लांब सावल्यांचा. त्यावर ते वरून आणखी सोनेरी रंग चढवतात. सोनेरी उजेडातल्या गावाची अशी चित्रे मी पाहतो तेव्हा मला ही सावली आठवते, त्याला माझा इलाज नाही. माझे विद्यार्थी मोबाइलवर बोट फिरवून धुके आणतात, डोंगर निळे करतात. त्यांना मी हसत नाही. पण ‘ही उदासी कोणाची?’ असे विचारले की वर्ग गप्प होतो.

बे यांच्यावर दोन आक्षेप घेता येतात. पहिला सत्याचा. यांतील काही जागा नोंदीतल्या, काही केवळ कल्पिलेल्या. भूमिगत रेल्वे गुप्त होती. जिचा पुरावा मागे राहिला तर फाशी-फटके, तिच्याकडे पुरावा मागणे म्हणजे मालकाचा न्याय झाला. म्हणून हा आक्षेप मला पटत नाही. ज्यांचा इतिहास लिहिलाच गेला नाही त्यांना कल्पनेचा हक्क आहे, फक्त ती कल्पना आहे हे सांगितले पाहिजे, आणि बे ते सांगतात.

दुसरा आक्षेप मात्र मला बोचतो. घर आणि कुंपण यांची चित्रे प्रखर आहेत: पांढरे कुंपण अंधारातून समोर येते आणि आतला माणूस आश्रय देईल की पकडून देईल, हे कळत नाही. पण नुसत्या झाडीची काही चित्रे देखणी होऊन थांबतात. २०१८ साली ही मालिका प्रथम क्लीव्हलँडच्या सेंट जॉन्स एपिस्कोपल चर्चमध्ये मांडली गेली. हे चर्च स्वतःच भूमिगत रेल्वेचे ठाणे होते. तेथे भिंतीच साक्षीदार होत्या. २०१९ साली शिकागोच्या कला-संग्रहालयात तो आधार सुटला. चित्रांची नावेही ‘अनामिक’, पुढे क्रमांक आणि कंसात ‘ईरी सरोवर आणि आकाश’ एवढेच. हे नाव वाचून पाण्यापलीकडे कॅनडा आहे आणि ते पाणी कोणाला का ओलांडायचे होते, हे कसे कळावे? कलावादी म्हणेल, चित्राला शब्दांची गरजच नसावी. मी म्हणेन, ज्यांचे शब्द आधीच काढून घेतले गेले त्यांच्या चित्राखाली दोन ओळी जास्त असाव्यात, आणि त्या मोठ्या अक्षरात असाव्यात.