आय. एफ. स्टोन : सरकारी कागदांचा पाठचिकित्सक

शासनाची गुप्तता भेदणारा पत्रकार म्हटला, की मागील दाराने हाती आलेला कागद आणि नाव न सांगण्याच्या अटीवर बोलणारा अधिकारी एवढेच चित्र सामान्यतः डोळ्यांसमोर येते. अमेरिकन पत्रकार इसिडोर फाइनस्टाइन स्टोन (1907–1989) याची कारकीर्द या चित्रात बसत नाही. जानेवारी 1953 मध्ये, मॅकार्थीच्या दहशतीच्या ऐन काळात, सुमारे पाच हजार वर्गणीदारांच्या बळावर त्याने वॉशिंग्टनमधून चार पानांचे साप्ताहिक सुरू केले आणि 1971 च्या अखेरीपर्यंत चालविले. त्याला ऐकू कमी येत असे. पत्रपरिषदेत कान देऊन बसण्यापेक्षा छापील वृत्तान्त वाचणे त्याला सोयीचे होते, आणि सोयीतूनच पुढे पद्धती निर्माण झाली.

ही पद्धती भाषाभ्यासकाला अनोळखी नाही. महाभारताची चिकित्सक आवृत्ती ज्या पाठचिकित्सेच्या पायावर उभी आहे, तिचाच हा एक दूरचा आविष्कार होय : एकाच घटनेचे अनेक पाठ समोर ठेवावयाचे, विसंगती टिपावयाच्या आणि प्रक्षेप कोठे झाला ते शोधावयाचे.

याचे उत्तम उदाहरण 1965 चे. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने श्वेतपत्रिका काढून दक्षिण व्हिएतनाममधील युद्ध उत्तरेकडूनच चेतविले व पोसले जात असल्याचे प्रतिपादन केले. स्टोनने प्रथम परिशिष्ट वाचले. गनिमांकडून हस्तगत केलेल्या साम्यवादी देशांतील बनावटीच्या शस्त्रांची यादी तेथे होती. त्याने बेरीज केली, ती 179 भरली. हस्तगत शस्त्रांचे लष्करी खात्याचेच आकडे शेजारी ठेवताच हे प्रमाण अडीच टक्क्यांहूनही कमी निघाले. मुख्य संहितेतील विशेषणांना परिशिष्टातील अंकांचा आधार नव्हता. सरकारी दस्तऐवज हा क्वचितच एका हातचा असतो. पटवून देणारा हात वेगळा आणि मोजणारा हात वेगळा. स्टोनचे खरे भाषिक भान या दोन हातांमधील सांधा ओळखण्यात आहे.

तथापि सर्व काही उघड कागदांतच असते, असा जो निष्कर्ष त्याचे चाहते काढतात, तो प्रस्तुत लेखकास मान्य नाही. कोरियन युद्धावरील त्याचा 1952 चा ग्रंथ याच पद्धतीने लिहिलेला आहे. मॅकआर्थरच्या मुख्यालयाची निवेदने आणि वृत्तपत्रांतील वार्ता यांची तुलना करून, दक्षिणेच्या व अमेरिकेच्या बाजूनेच हे युद्ध ओढवून घेतले असावे, असा संशय त्याने सुचविला. टिपलेल्या विसंगतींपैकी बऱ्याच खऱ्या होत्या. संशय मात्र टिकला नाही. 1990 नंतर सोव्हिएत दप्तरे खुली झाली, तेव्हा जून 1950 च्या आक्रमणाला स्टालिनची पूर्वसंमती होती हे स्पष्ट झाले. साक्षीदार अविश्वसनीय आहे एवढे पाठचिकित्सा दाखवू शकते; ज्या दप्तराचे एकही पान बाहेर आलेले नाही त्यात काय आहे, हे ती सांगू शकत नाही. शिवाय चिकित्सेची धार त्या ग्रंथात एकाच पक्षाच्या पाठांवर चालली, हा दोष पद्धतीचा नसून चिकित्सकाचा. (1956 मध्ये मॉस्को पाहून आल्यावर त्याने त्या राजवटीवर कठोर लिहिले आणि काही वर्गणीदार गमावले, हेही नमूद केले पाहिजे.)

टॉंकिनच्या आखातातील प्रकरणी दोन्ही बाजू एकत्र दिसतात. अमेरिकन युद्धनौकांवरील कथित हल्ल्यांपूर्वी काही दिवस उत्तर व्हिएतनामच्या बेटांवर दक्षिणेच्या नौकांनी तोफा डागल्या होत्या, ही गोष्ट सेनेटर वेन मोर्स याच्या छापील भाषणांवरून स्टोनने ऑगस्ट 1964 मध्येच वाचकांपुढे ठेवली. मात्र त्या गुप्त मोहिमांची सूत्रे अमेरिकेच्या हाती होती, हे कागदोपत्री उघड झाले ते 1971 मध्ये, डॅनियल एल्सबर्गने पेंटॅगॉनचे गोपनीय दस्तऐवज बाहेर दिले तेव्हा. तेथे वाचक अपुरा पडला. चोरून नक्कल करणारा लेखनिक लागला.

साप्ताहिक बंद केल्यावर स्टोन ग्रीक शिकला आणि 1988 मध्ये सॉक्रेटिसच्या खटल्यावर त्याने ग्रंथ लिहिला. या खटल्यात फिर्यादी पक्षाचे एकही भाषण उपलब्ध नाही; आहेत ती शिष्यांनी लिहिलेली समर्थने. त्यांवरूनच अथेन्सची बाजू उभी करण्याचा खटाटोप त्याने उतारवयात आरंभिला.